लिफ्ट किट घ्यायचंय? किती इंच ते सगळ्यात शेवटी ठरवा

ऑफरोडिंगला नुकती सुरुवात केलेल्या जवळपास प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच असतो, गाडी दोन इंच लिफ्ट करू (म्हणजे किट लावून उंच करू) का तीन का डायरेक्ट चार, आणि माझं म्हणणं असं की गडबड तिथूनच सुरू होते. आधी गाडी खालून कशी बनलीये ते बघायचं, मग तिच्यावर कायमचं वजन किती राहणार ते मोजायचं, मग टायर ठरवायचे, हे तिन्ही झालं की इंच आपोआप निघतो आणि बहुतेक वेळा मनात धरलेल्यापेक्षा कमीच निघतो. सगळ्या जोडसामानासकट नीट केलेली दोन इंचाची गाडी ही अर्धवट केलेल्या चार इंचाच्या गाडीला रस्त्यावरही भारी पडते आणि दगडांवरही. म्हणून खाली त्याच क्रमाने लिहितोय.

लिफ्टने मिळतं काय

सस्पेन्शन लिफ्ट म्हणजे चेसिस आणि बॉडी चाकांपासून वर उचलणं. पुढचा बंपर लवकर टेकत नाही, उतारावरून खाली येताना मागचा भाग घासत नाही, आणि टेकाड ओलांडताना मधलं पोट अडकत नाही, म्हणजे अप्रोच, डिपार्चर आणि ब्रेकओव्हर असे तिन्ही अँगल सुधारतात. हे खरंच कामाचं आहे. पण ज्या गाडीला सॉलिड ॲक्सल (दोन्ही चाकं जोडणारा एकच अखंड आडवा दांडा) आहे तिथं डिफरन्शियलचा गोळा (ॲक्सलवरचं गिअरचं फुगीर घर) चाकांच्या बरोबरीने राहतो, तो स्प्रिंग बदलून एक मिलिमीटरही वर जात नाही. तो वर न्यायचा एकच मार्ग, मोठा टायर, आणि तिथंही टायरचा व्यास जेवढा वाढतो त्याच्या निम्मंच वर मिळतं. त्यामुळे तुमची गाडी नेहमी त्या गोळ्यावर अडकत असेल तर लिफ्टच्या आधी टायरचा विचार करा.

पायरी १: गाडीखाली झोपा

खरंच झोपा, चटई टाकून, टॉर्च घेऊन. पुढे काय आहे, मागे काय आहे ते स्वतःच्या डोळ्याने बघा कारण किट त्यावर ठरतं. जीप रँगलर आणि सुझुकी जिम्नीला पुढे-मागे दोन्हीकडे सॉलिड ॲक्सल आणि कॉइल स्प्रिंग आहेत. टोयोटा हायलक्सला पुढे इंडिपेन्डन्ट सस्पेन्शन (प्रत्येक चाक वेगळं हलतं) आणि मागे पाटे (लोखंडी पट्ट्यांची स्प्रिंग), फॉर्च्युनरला पुढे इंडिपेन्डन्ट आणि मागे सॉलिड ॲक्सलवर कॉइल. काही जुन्या गाड्यांना पुढे टॉर्शन बार असतो, म्हणजे स्प्रिंगच्या जागी पिळला जाणारा लांब दांडा.

खाली गेलात की अजून एक काम उरकून घ्या. बुश (जोडांमधली रबरं) फाटलेत का, बॉल जॉइंटला (चाक वळू देणाऱ्या गोल जोडाला) खेळ आहे का, टाय रॉड (चाकं वळवणारे दांडे) हलतात का, जुना शॉक (स्प्रिंगची उसळी आवरणारी तेलाची नळी) तेल गाळतोय का, हे आत्ताच तपासा. झिजलेल्या भागांवर लिफ्ट चढवली की आधी जो खेळ कळतही नव्हता तो स्टेअरिंगमध्ये हाताला लागायला लागतो आणि मग लोक किटला दोष देतात.

बाहेर आल्यावर चारही चाकांपाशी मोजमाप घ्या. जमिनीपासून मोजू नका, टायरची हवा आणि झीज यामुळे आकडा चुकतो. चाकाच्या मध्यापासून सरळ वर व्हील आर्चच्या कडेपर्यंत मोजायचं, गाडी सपाट जागेवर, थोडी पुढे-मागे हलवून मोकळी केलेली. चार आकडे लिहून ठेवा. डाव्या-उजव्यात थोडा फरक निघाला तर घाबरू नका, पेट्रोल टाकी, बॅटरी, ड्रायव्हर यांचं वजन दोन्ही बाजूला सारखं नसतं, आणि म्हणूनच काही किटमध्ये डावी आणि उजवी स्प्रिंग वेगळ्या नंबरची येते, ती बसवताना अदलाबदल होता कामा नये.

पायरी २: वजन मांडा

ही पायरी बहुतेक लोक गाळतात आणि माझ्या मते हीच सगळ्यात महत्त्वाची आहे. स्प्रिंग वजनासाठी बनते. एकाच गाडीसाठी एकाच उंचीच्या पण वेगवेगळ्या वजनाच्या स्प्रिंगा मिळतात: रिकाम्या गाडीसाठी एक, बंपर आणि विंच (अडकलेली गाडी दोराने ओढणारं मोटरचं यंत्र) लावलेल्या गाडीसाठी एक, कायम सामान भरलेल्या गाडीसाठी एक. रिकाम्या गाडीला जड स्प्रिंग लावली तर ती उडत राहते, टायर जमीन सोडतात, कंबरेचे हाल होतात, आणि वर गाडी सांगितलेल्या दोन इंचाऐवजी तीन इंच उभी राहते. जड गाडीला हलकी स्प्रिंग लावली तर लिफ्ट सामानातच खपून जाते.

थोडा हिशोब करून बघू. लोखंडी बंपर आणि विंच मिळून ८० किलो धरा, म्हणजे पुढच्या प्रत्येक चाकावर ४०. चाकापाशी स्प्रिंगचा रेट (ती एक मिलिमीटर दाबायला लागणारा जोर) समजा २० न्यूटन प्रति मिलिमीटर आहे, तर ४० किलोचे साधारण ३९२ न्यूटन होतात आणि गाडी जवळपास २० मिलिमीटर खाली बसते. म्हणजे दोन इंचाच्या, ५० मिलिमीटरच्या, लिफ्टमधले २० तिथंच गेले. शिवाय बंपर आणि विंच पुढच्या ॲक्सलच्याही पुढे लटकलेले असतात, त्यामुळे पुढच्या ॲक्सलवर त्यांच्या वजनापेक्षा जास्तच भार येतो आणि मागचा भाग थोडा हलका होतो.

तर कागद घ्या आणि दोन याद्या करा. एकीत कायमचं वजन, म्हणजे बंपर, विंच, कॅरिअर, ड्रॉवर, जादा बॅटरी, मागच्या दारावरचा मोठा स्टेपनी. दुसरीत फक्त ट्रिपपुरतं, माणसं, पाणी (लिटरमागे एक किलो, पटकन वाढतं), तंबू, हत्यारं. स्प्रिंग पहिल्या यादीवर निवडायची. दुसरी यादी फार जड असेल तर मागच्या कॉइलमध्ये बसणारी हवेची बॅग हा उपाय आहे, लागेल तेव्हा हवा भरायची, नसेल तेव्हा कमी करायची. आणि एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा, जड स्प्रिंग लावली म्हणून गाडीची भार वाहायची कायदेशीर मर्यादा वाढत नाही, ॲक्सल, ब्रेक, चेसिस तेच आहेत.

पायरी ३: टायर

टायरचा आकडा स्वतः काढायला शिका, सोपं आहे. २६५/६५ आर १७ म्हणजे रुंदी २६५ मिलिमीटर, बाजूची उंची त्याच्या ६५ टक्के म्हणजे साधारण १७२, ती दोनदा, आणि रिम १७ गुणिले २५.४. एकूण व्यास ७७६ मिलिमीटरच्या आसपास. त्याऐवजी २८५/७० आर १७ लावला तर ८३१. फरक ५५, म्हणजे गाडी नुसत्या टायरने २७ मिलिमीटर वर गेली आणि डिफरन्शियलही तेवढंच वर गेलं. पण व्यास ७ टक्क्यांनी वाढला, त्यामुळे स्पीडोमीटर आधी बरोबर असेल तर १०० दाखवताना तुम्ही १०७ ने जात असता, आणि गिअरही तेवढेच लांब झाल्यासारखे वाटतात, चढावर इंजिन लवकर दमतं. अजून मोठे टायर लावणार असाल तर डिफरन्शियलचे गिअर बदलायचा खर्च आधीच धरून चाला.

आता इथं एक गैरसमज फार पसरलाय की लिफ्ट केली म्हणजे मोठा टायर बसतोच. उभ्या गाडीत बसतो, हो. पण दगडावर चाक पूर्ण वर दाबलं गेलं की ते अगदी जुन्याच जागी जाऊन पोचतं, कारण बंप स्टॉप (चाकाला वर जाताना अडवणारा रबरी ठोकळा) जुनाच आहे, आणि मग टायर व्हील आर्चच्या आत घासतो, स्टेअरिंग पूर्ण फिरवलं असेल तर मागे बॉडीच्या माउंटला किंवा पुढे बंपरच्या कोपऱ्याला घासतो. जागा करायची तर बंप स्टॉप लांब करायचे, आतलं प्लास्टिक कापायचं, किंवा रिमचा ऑफसेट (चाक किती आत-बाहेर बसतं ते) बघून निवडायचा. रिम फार बाहेर काढलं तरी चाक वळताना मोठा गोल घेतं आणि जास्तच घासतं, शिवाय बेअरिंगवर ताण.

पायरी ४: कुठल्या प्रकारचं किट

स्वस्त प्रकारांपासून सुरू करतो. स्पेसर म्हणजे स्प्रिंगच्या किंवा स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉक एकत्र असलेला भाग) डोक्यावर बसणारी जाड चकती. स्प्रिंग तीच, शॉक तोच, फक्त उंची वाढते. इंडिपेन्डन्ट सस्पेन्शनमध्ये स्ट्रट आर्मच्या (चाक धरणाऱ्या दांड्याच्या) मध्यावर कुठेतरी बसलेला असतो त्यामुळे स्ट्रटच्या वर एक इंचाचा स्पेसर लावला की चाकापाशी जवळपास दोन इंच लिफ्ट होते, हे माहीत नसल्यामुळे लोक दोन इंच हवेत म्हणून दोन इंचाचा स्पेसर मागवतात आणि बॉल जॉइंटची वाट लावतात. पुढून जरा खाली बसलेली गाडी मागच्या लेव्हलला आणायला पातळ स्पेसर ठीक आहे, त्याच्यापुढे मी तरी सुचवणार नाही.

टॉर्शन बारची गाडी बोल्ट आवळून वर घेता येते, पैसे लागत नाहीत म्हणून सगळ्यांना मोह होतो. पण चाकाची एकूण हालचाल तेवढीच राहते, वर जायला जास्त आणि खाली लोंबायला कमी इतकंच होतं, आणि खाली लोंबायला जागा नसली की प्रत्येक खड्ड्यात शॉक पूर्ण ताणला जाऊन ठण्णकन आपटतो.

पाट्यांच्या गाडीत लांब शॅकल (पाट्याचं टोक चेसिसला टांगणारी कडी, शॅकल दोन इंच लांब केलं की गाडी एकच इंच वर जाते), एक जादा पाटा, किंवा पाटे आणि ॲक्सल यांच्यामध्ये ब्लॉक, असे उपाय असतात. जादा पाट्याने राइड कडक होते. ब्लॉक फक्त मागे, पुढच्या ॲक्सलला कधीच नाही, आणि ब्लॉकवर ब्लॉक तर कुठेच नाही. चांगला रस्ता म्हणजे योग्य वजनाचा पूर्ण नवा पाट्यांचा संच.

बॉडी लिफ्ट वेगळी, तिच्यात चेसिस आणि बॉडीच्या मध्ये ठोकळे घालतात. टायरला जागा होते, पण चेसिस जिथं होता तिथंच, आणि स्टेअरिंगचा शाफ्ट, रेडिएटरचं कव्हर, टाकीचा पाइप हे सगळं ताणलं जातं.

नवख्यासाठी माझा सल्ला सरळ आहे: स्प्रिंग आणि शॉक दोन्ही एकमेकांसाठी बनवलेले, एकाच कंपनीचे, तुमच्या गाडीच्या नेमक्या मॉडेल आणि वर्षाचे, दीड ते दोन इंचाचे घ्या. त्याच्या वर गेलात की पुढच्या पायरीतली यादी लांबत जाते, आणि चार इंचाच्या पुढे सॉलिड ॲक्सलला लांब आर्मचं किट, इंडिपेन्डन्टला सगळं सस्पेन्शन खाली उतरवणाऱ्या ब्रॅकेटचं किट, म्हणजे प्रोजेक्टच वेगळा.

शॉकबद्दल थोडं

शॉक वजन उचलत नाही, ते स्प्रिंगचं काम. शॉक स्प्रिंगची उसळी आवरतो आणि ते करताना तापतो. खडबडीत रस्त्यावर तासभर चाललात की तेल तापून पातळ होतं, फेस येतो आणि गाडी होडीसारखी डुलायला लागते. ट्विन ट्यूब (एकात एक दोन नळ्यांचा शॉक) स्वस्त, मऊ, बाहेरून पोचा आला तरी बऱ्याचदा चालू राहतो. मोनोट्यूबमध्ये (एकाच नळीच्या शॉकमध्ये) तेल बाहेरच्या नळीलाच टेकलेलं असल्यामुळे उष्णता लवकर बाहेर जाते, पण त्या नळीला दगड लागून पोचा आला तर पिस्टन अडकतो. वेगळी टाकी असलेले रिझर्व्हायर शॉक लांब, वेगवान, खडबडीत प्रवासासाठी, हळू हळू दगड चढणाऱ्याला त्यांची गरज नसते. घेताना दोन लांबी विचारा, पूर्ण दाबलेली आणि पूर्ण ताणलेली. दाबलेली लांबी जास्त असेल तर बंप स्टॉपच्या आधी शॉकच आतून आपटेल आणि फुटेल, म्हणून किटमध्ये लांब बंप स्टॉप आहेत का ते बघायचं.

पायरी ५: किटच्या डब्यात नसलेल्या गोष्टी

इथं खरे पैसे जातात आणि दुकानदार सहसा आपणहून सांगत नाही. सॉलिड ॲक्सलची गाडी उचलली की पुढचा ॲक्सल थोडा फिरतो आणि कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे असलेला कल) कमी होतो, मग स्टेअरिंग वळणानंतर आपसूक सरळ येत नाही, हायवेवर गाडी भटकते. त्यासाठी ॲडजस्टेबल आर्म, कॅस्टरचे बुश किंवा ब्रॅकेट लागतात. पॅनहार्ड रॉड (ॲक्सलला आडवा धरून ठेवणारा दांडा) तिरका झाल्यामुळे सगळा ॲक्सल एका बाजूला, रॉड चेसिसला जिथं जोडलाय त्या बाजूला, सरकतो, ॲडजस्टेबल रॉडने तो मध्यावर आणता येतो. आणि पुढे पॅनहार्ड रॉड आणि ड्रॅग लिंक (स्टेअरिंग बॉक्सपासून चाकाकडे जाणारा दांडा) एकमेकांना समांतर राहिले पाहिजेत, एकाचंच टोक खाली आणलं तर प्रत्येक खड्ड्यात स्टेअरिंग स्वतःहून वळतं. पुढचा ॲक्सल जोरात थरथरायला लागला, ज्याला सगळे डेथ वॉबल म्हणतात, तर नवा स्टेअरिंग डॅम्पर लावून ते नुसतं झाकलं जातं, मूळ कारण बहुतेक वेळा पॅनहार्डचा सैल बोल्ट किंवा झिजलेला जॉइंट असतो.

इंडिपेन्डन्ट गाडीत दोन इंचाच्या आसपास गेलात की वरचा आर्म नवा घ्यावा लागतो, नाहीतर अलाइनमेंटचे आकडे हवे तिथं येतच नाहीत आणि बॉल जॉइंट अगदी टोकाला जाऊन बसतो. ड्राइव्ह शाफ्टच्या (चाकाला ताकद देणाऱ्या दांड्याच्या) जोडावरच्या रबरी बूटकडे नीट बघा. अँगल जास्त झाला की बुटाच्या घड्या एका बाजूला एकमेकींवर घासतात, आधी रबर तिथं चकचकीत दिसायला लागतं, मग बारीक चीर पडते आणि रिमच्या आतल्या बाजूला काळ्या ग्रीसचे शिंतोडे दिसतात. शिंतोडे दिसले की थांबू नका, माती आत गेली की जॉइंट संपला.

मागे प्रॉपेलर शाफ्टचा (गिअरबॉक्सकडून मागच्या ॲक्सलला ताकद नेणाऱ्या दांड्याचा) अँगल बदलतो. दोन्ही टोकांना साधा क्रॉस (वाकू देणारा जोड) असेल तर ट्रान्सफर केसचा (पुढे-मागे ताकद वाटणाऱ्या पेटीचा) आउटपुट आणि पिनियन (डिफरन्शियलमध्ये शिरणारा गिअरचा दांडा) एकमेकांना समांतर हवेत, वरच्या टोकाला डबल जॉइंट असेल तर पिनियन साधारण शाफ्टच्या रेषेत. ठरावीक स्पीडला सीटखाली घूं घूं व्हायब्रेशन आलं की आधी इथं बघायचं.

ब्रेकचे होज, एबीएसच्या वायरी, ॲक्सलच्या ब्रीदरचा (आतली हवा बाहेर सोडणारा) पाइप, अँटी रोल बारच्या (वळणात झुकणं रोखणाऱ्या दांड्याच्या) लिंक, हे सगळं चाक पूर्ण खाली लोंबलं तरी ताणता कामा नये. काही गाड्यांना मागच्या ॲक्सलला जोडलेला लोड सेन्सिंग ब्रेक व्हॉल्व्ह असतो. गाडी उचलली की त्याला वाटतं मागे काही वजनच नाही आणि तो मागचे ब्रेक कमी करून टाकतो, म्हणून त्याचा ब्रॅकेट बदलणं अजिबात विसरू नका.

पायरी ६: बसवताना डोकं तिथंच ठेवा

मेकॅनिककडे गाडी देताना तीन गोष्टी आधी बोलून घ्या. पहिली, रबरी बुशचे बोल्ट. गाडी जॅकवर, चाकं लोंबलेली, अशा अवस्थेत बोल्ट पूर्ण आवळला तर रबर त्या स्थितीत पकडलं जातं, गाडी खाली ठेवली की ते पिळलेलंच राहतं आणि काही महिन्यांत कडेने फाटत येतं. बोल्ट हाताने लावायचे, गाडी चाकांवर उभी करायची, पुढे-मागे हलवायची, आणि मग टॉर्क पान्याने कंपनीच्या आकड्याला आवळायचे. दुसरी, पाट्यांचे यू बोल्ट (पाटे ॲक्सलला बांधणारे यू आकाराचे बोल्ट) नवेच हवेत, एकदा ताणलेले परत वापरायचे नाहीत. तिसरी, कॉइल स्प्रिंग काढताना घाई नको, दाबलेल्या स्प्रिंगमध्ये माणूस मरेल एवढा जोर असतो, घरी स्वस्त कॉम्प्रेसर घेऊन हा प्रयोग नवख्याने करू नये.

काम झालं की गॅरेजमध्येच एक चाक ठोकळ्यावर किंवा रॅम्पवर चढवून, दुसरं लोंबू देऊन, स्टेअरिंग दोन्ही टोकांना फिरवून बघा, खाली वाकून होज, बूट, टायर सगळं तपासा. मग अलाइनमेंट, हेडलाइट खाली करणं (नाहीतर समोरच्याच्या डोळ्यात जातात), स्टेअरिंग सरळ करणं, कारण ते वाकडं राहिलं तर स्टॅबिलिटी कंट्रोलचा दिवा लागू शकतो, आणि गाडीत कॅमेरा-रडार असतील तर त्यांचं कॅलिब्रेशन. साधारण ५०० किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा तपासायचे आणि ते चार आकडे पुन्हा मोजायचे, नवी स्प्रिंग थोडी बसते ते ठीक, पण एकच कोपरा जास्त बसला असेल तर कुठेतरी चूक आहे.

गुरुत्वमध्य वर गेलाय हेही गाडी चालवताना जाणवेल, अचानक स्टेअरिंग मारल्यावर गाडी जास्त झुकते, बाजूच्या उतारावर लवकर उलटू शकते. पहिले काही दिवस ओळखीच्या रस्त्यावर, रिकामी गाडी घेऊन, ब्रेक आणि वळणं तपासत चालवा. किट मागवायच्या आधीच तुमच्याकडच्या वाहन नियमांत किती बदल चालतो, नोंदणीत तो दाखवावा लागतो का, हे विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा, न कळवलेल्या बदलावरून क्लेम अडतो तेव्हा काही हातात राहत नाही.

आणि हे सगळं मांडून झाल्यावर आत्ता बजेट पुरत नाही असं दिसलं तर अर्धं किट घेऊ नका. त्या पैशात चांगले ऑल टेरेन टायर, हवा कमी-जास्त करायला गेज आणि कॉम्प्रेसर, खाली स्किड प्लेट (पोट वाचवणारा पत्रा) आणि दोन्ही बाजूला मजबूत रॉक स्लायडर (दारांखालची कड वाचवणारे पाइप) घ्या, पुढे-मागे चेसिसला धरलेले पक्के टो पॉइंट (ओढायला दोर अडकवायची जागा) आहेत का बघा. स्टॉक उंचीची गाडी टायरची हवा उतरवून नीट लाइन धरून चालवली की किती लांब जाते हे काही महिने चालवून बघा, ती नेमकी कुठे टेकते ते लिहून ठेवा, आणि किट मागवायला जाल तेव्हा तो कागद आणि वजनाच्या दोन्ही याद्या सोबत न्या.